कर्णपटलाची पुनर्रचना

कान वाहणे हा विकार आपल्या देशात इतका परिचित आहे की, पुष्कळ घरांत तो रोग मानलाच जात नाही. कोमट तेल सोडावे, कापसाचा बोळा घालावा, यातच वर्षे निघून जातात. आत मात्र कर्णपटलाला भोक पडलेले असते आणि रोग मध्यकर्णातील अस्थी हळूहळू पोखरीत असतो.

अंतःकर्ण द्रवाने भरलेला आहे. हवेतून आलेला ध्वनी द्रवावर थेट आदळला, तर त्याच्या शक्तीचा हजारातील सुमारे एकच भाग आत शिरतो. ही हानी भरून काढण्यासाठीच कर्णपटल आणि हातोडा, ऐरण व रिकीब या तीन अस्थींची योजना आहे. पटलाचे कंप पावणारे क्षेत्र रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट असल्यामुळे मोठ्या जागेवरील जोर लहान जागी एकवटतो.

जुन्या शस्त्रक्रियेत कानामागील हाड कोरून पटल व अस्थी यांचे अवशेषही रोगाबरोबर काढून टाकीत. पू मेंदूपर्यंत पोहोचण्याचे भय टळे. श्रवण मात्र बहुधा जाई. प्राण की श्रवण, असा तो सौदा होता, आणि शल्यविशारदाने प्राण निवडले यात त्याचा दोष नव्हता.

प्रतिजैविके व शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर १९५० नंतरच्या दशकात जर्मनीतील वुलस्टाइन व त्सोलनर यांनी रोग काढून श्रवणही परत जुळविण्याची पद्धती घडविली. पटल नवे घालावयाचे. हातोडा व ऐरण नष्ट झाली असतील, तर ते सरळ रिकिबीवर टेकवावयाचे. पण रिकिबीचा केवळ तळ उरला असेल तर? अंतःकर्णाला दोन गवाक्षे आहेत. आतील द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून एक गवाक्ष आत दबले की दुसरे बाहेर फुगलेच पाहिजे. ध्वनी दोहोंवर एकाच वेळी सारखाच आदळला, तर द्रव जागचा हलत नाही. म्हणून तळ उघडा ठेवून दुसऱ्या, गोल गवाक्षावर आच्छादन घालावयाचे. ऐकू यावे म्हणून कानाचे एक गवाक्ष झाकणे प्रथमदर्शनी विपरीत वाटते खरे!

आरंभी पटलासाठी त्वचा वापरीत. पुढे रोग्याच्याच कानावरील स्नायूचे पातळ आवरण अधिक टिकाऊ ठरले. मात्र मध्यकर्णात त्वचा वाढून हाड खाल्ले गेले असेल, तर तिचा कणही मागे राहता कामा नये. म्हणून पुष्कळदा काही महिन्यांनी कान पुन्हा उघडून पाहतात, आणि अस्थींची जोडणी अनेकदा त्या दुसऱ्या खेपेसाठीच राखून ठेवतात.