विश्लेषण : रानातला विषाणू गोठ्यापर्यंत कसा पोहोचतो? मारेगाव परिसरात खरा धोका कशाचा?

कापूस वेचणीपासून हरभऱ्याच्या राखणीपर्यंत मारेगाव तालुक्यातील शेतकऱ्याचा रानाशी रोजचा संबंध येतो. शेजारच्या केळापूर तालुक्यात टिपेश्वर अभयारण्य आहे. शेतात रानडुकरे आणि रोही येतात, त्यांच्यामागे कोल्हे, लांडगे आणि कधी कधी वाघही. या सहवासात पिकाचे नुकसान होते, हल्ले होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. वन्यप्राण्यांच्या शरीरातील विषाणूंची चर्चा मात्र करोनानंतरच गावागावांत सुरू झाली. त्यात खरी माहिती थोडी आणि व्हॉट्सअॅपवरची भीती जास्त. कोणत्या विषाणूला घाबरावे, कोणत्याला नाही आणि प्राणी चावल्यास पहिल्या तासात काय करावे, याविषयी…

प्राण्यातला विषाणू माणसात येतो कसा?

प्रत्येक वन्यप्राण्याच्या शरीरात विषाणू असतात. त्यांतील बहुसंख्य विषाणू माणसाचे काहीच बिघडवू शकत नाहीत. विषाणूला माणसात शिरायचे तर तीन पायऱ्या पार कराव्या लागतात. आधी संपर्क यावा लागतो. हा संपर्क चावा, लाळ, रक्त, विष्ठा किंवा गोचीड, माशी, डास यांच्यामार्फत येऊ शकतो. मग माणसाच्या पेशीत शिरण्याची ‘किल्ली’ त्या विषाणूकडे असावी लागते. शेवटी आत शिरल्यावर शरीराच्या प्रतिकाराला तोंड देत त्याला वाढता यावे लागते.

बहुतेक विषाणू पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच अडतात. जे पुढे सरकतात, ते बरेचदा थेट रानातून येत नाहीत. मध्ये एखादा पाळीव प्राणी असतो. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपा विषाणू वटवाघळांकडून आधी डुकरांत आला आणि तिथून माणसांत. आपल्याकडे हा मधला दुवा कुत्रा, बैल, गाय किंवा कोंबडी असतो.

या भागात सर्वात मोठा धोका कोणता?

उत्तर नवे नाही. रेबीज. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने दगावतात आणि त्यांतील सुमारे एकतृतीयांश मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यामुळे होतो. तरीही रानालगतच्या गावांसाठी उरलेला एक टक्का दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

रेबीजचा विषाणू कोणत्याही सस्तन प्राण्यात वाढू शकतो. कोल्हा, लांडगा, मुंगूस, रानमांजर हे त्याचे रानातले वाहक. निरोगी कोल्हा माणसाला पाहून पळतो. भरदिवसा गावात शिरणारा, न बिचकता अंगावर येणारा, दिसेल त्याला चावत सुटणारा कोल्हा पिसाळलेला असण्याची शक्यता मोठी असते. असा कोल्हा गावातील कुत्र्यांना चावला, की रानातला विषाणू वस्तीत येतो.

विषाणू लाळेत असतो. जखमेतून तो मज्जातंतूत शिरतो आणि त्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला साधारण एक ते तीन महिने लागतात. कधी कमी, क्वचित वर्षभरही. चेहरा, मान, हाताची बोटे अशा ठिकाणचा चावा जास्त धोकादायक असतो, कारण तिथे मज्जातंतूंचे जाळे दाट असते आणि चेहरा, मान तर मेंदूच्या जवळच. लक्षणे दिसू लागली की जवळपास कोणीच वाचत नाही. मात्र लक्षणांपूर्वी योग्य उपचार पूर्ण केले, तर हा आजार जवळपास शंभर टक्के टळतो. दोन टोकांमधले हे अंतर म्हणजे जखम धुणे आणि वेळेवर लस घेणे.

चावल्यानंतर पहिल्या तासात काय करावे?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हा नुसता स्वच्छतेचा सल्ला नाही. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीयुक्त आवरण असते आणि साबणाने ते फुटते. शेतात नळ नसेल तर पंपाचे, कॅनमधले, जे स्वच्छ पाणी मिळेल ते वापरावे. त्यानंतर जंतुनाशक लावावे.

जखमेवर मिरची, चुना, हळद, तेल, झाडपाला लावू नये. त्यामुळे जखम चिघळते आणि विषाणू आणखी खोल जाऊ शकतो. जखम लगेच शिवूनही घेऊ नये. टाके घालणे आवश्यक असेल, तर त्याचा निर्णय डॉक्टर घेतील. मांत्रिकाकडे किंवा ‘कुत्र्याचे औषध’ देणाऱ्याकडे जाण्यात वेळ घालवणे जिवावर बेतू शकते.

त्यानंतर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. वन्यप्राण्याचा चावा किंवा रक्त काढणारा ओरखडा देशातील मार्गदर्शक सूचनांनुसार थेट तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर श्रेणीत मोडतो. त्यासाठी लशीबरोबरच रेबीज प्रतिबंधक सीरम लागते. हे सीरम शक्य तितके जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. लशीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात, तोवर हे सीरम पहारा देते. म्हणून रुग्णालयात ‘वन्यप्राणी चावला’ हे स्पष्ट सांगणे आणि ‘सीरम दिले का’ हे विचारणे महत्त्वाचे. ते पहिल्या दिवशी मिळाले नाही, तर पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत घेता येते.

सरकारी रुग्णालयात त्वचेत दिल्या जाणाऱ्या लशीच्या तारखा ०, ३, ७ आणि २८ अशा असतात. दंडात दिली जाणारी लस असल्यास ०, ३, ७, १४ आणि २८. पहिले दोन डोस घेतल्यावर जखम भरते, दुखणे थांबते, वेचणीचे दिवस असतात आणि पुढचे डोस राहून जातात. असे अर्धवट उपचार घातक ठरतात. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांनाही ही लस देता येते.

चावलेल्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम वन्यप्राण्यांना लागू नाही. कोल्हा सापडत नाही आणि सापडला तरी त्याच्या मागे जाऊ नये. वन विभागाचा पंचनामा नुकसानभरपाईसाठी आवश्यक आहे, पण तो जखम धुतल्यानंतर आणि उपचार सुरू केल्यानंतर. क्रम उलटा होता कामा नये.

बैलाच्या तोंडात हात घालणे धोक्याचे का?

गावात न ओळखला जाणारा धोका गोठ्यात असतो. रात्री रानात किंवा गोठ्यात बांधलेल्या जनावराला पिसाळलेला कोल्हा किंवा कुत्रा चावतो. केसाळ कातडीत जखम दिसत नाही. काही आठवड्यांनी बैल चारा सोडतो, त्याला पाणी गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते, हंबरण्याचा आवाज घोगरा होतो. घशात काहीतरी अडकले असावे, असे घरच्यांना वाटते आणि कोणीतरी तोंडात हात घालून पाहतो. लाळेत विषाणू असेल आणि हातावर कापसाच्या बोंडांचे ओरखडे असतील, तर संसर्गाला एवढे पुरेसे आहे.

म्हणून चारा-पाणी सोडलेल्या, लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नये. पशुवैद्यकाला बोलवावे. १९६२ हा पशुआरोग्य सेवेचा मदत क्रमांक आहे. लाळेशी संपर्क आधीच झाला असेल, तर हात धुऊन रुग्णालयात जावे आणि जनावराची लक्षणे सांगावीत. अशा जनावराचे दूध वापरू नये. मात्र उकळलेले दूध किंवा त्याचा चहा आधी पिण्यात आला असेल, तर घाबरण्याचे कारण नाही, कारण उष्णतेने विषाणू नष्ट होतो.

विदर्भाच्या नावाचा विषाणू कोणता?

रेबीजच्या कुळातला, बंदुकीच्या गोळीसारख्या आकाराचा आणखी एक विषाणू विदर्भातल्या गावाच्या नावाने जगात ओळखला जातो. चांदीपुरा. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ होती. तेव्हा चांदीपुरा येथील रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, हा नवा विषाणू आढळला.

अनेक वर्षे तो किरकोळ मानला गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात मुलांना मेंदूज्वर झाला. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतील १८३ दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागातील मुलांमध्ये त्याची साथ आली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये तो पुन्हा उफाळला.

हा विषाणू वाळूमाशी, म्हणजेच सँडफ्लाय, पसरवते. ही माशी डासापेक्षा बरीच लहान असते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओलसर कोपरे आणि शेणाचे ढीग तिला मानवतात. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही ती आत शिरू शकते. विषाणू मधल्या काळात नेमक्या कोणत्या प्राण्यात टिकून राहतो, याचा शोध सुरू आहे. आफ्रिकेत तो साळिंदरासारखे काटे असलेल्या छोट्या हेजहॉगमध्ये सापडला होता.

पंधरा वर्षांखालील मुलांना अचानक तीव्र ताप, उलट्या, झटके आणि गुंगी ही त्याची लक्षणे. प्रकृती २४ ते ४८ तासांत ढासळू शकते. लस नाही, खास औषधही नाही. मात्र झटके आणि मेंदूची सूज वेळीच आटोक्यात आणली तर मूल वाचू शकते. त्यामुळे पावसाळ्यात तापात झटका आलेल्या मुलाला सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने न्यावे. भिंतींच्या भेगा लिंपणे, शेणखताचा ढीग घरापासून दूर ठेवणे, गोठ्यात फवारणी करून घेणे हे घरच्या पातळीवरचे उपाय आहेत.

गोरेवाड्यातील वाघांना काय झाले होते?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीत कारण निघाले बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू. मानवी वस्तीशी संघर्ष झाल्याने या प्राण्यांना चंद्रपूर भागातून तिथे आणले गेले होते. संसर्ग खाद्यातील कोंबडीच्या मांसातून झाला असावा, असा संशय व्यक्त झाला.

इथे विषाणूची वाट उलटी दिसते. हा विषाणू मुळात रानपाखरांचा, पण वाघापर्यंत तो पाळीव कोंबडीतून गेला असावा. माणसांत एच५एन१ क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात त्याने दोन वर्षांच्या मुलीचा बळी घेतला. तिने कच्चे चिकन खाल्ल्याचे समोर आले होते. नीट शिजवलेले चिकन आणि अंडी सुरक्षित असतात. धोका आहे तो मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने उचलण्यात, सोलण्यात. एकाच वेळी बरेच कावळे, मोर किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या, तर हात न लावता पशुसंवर्धन किंवा वन विभागाला कळवावे. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

वटवाघळे आणि माकडांना हाकलून द्यावे का?

नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे पुण्याच्या संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केले, तेव्हा राज्यात खळबळ उडाली. त्यानंतर महाबळेश्वरात माणसांमध्ये निपाची साथ आली नाही. विषाणू प्राण्यात असणे आणि तो माणसात येणे, यांत किती अंतर असते ते यावरून कळते.

वटवाघळांना आगीने किंवा धुराने हुसकावले, तर ती विखुरतात, ताणाखाली येतात आणि त्यांच्यातून विषाणू जास्त प्रमाणात बाहेर पडू शकतो. शिवाय मोहाच्या फुलांचे परागीभवन आणि बियांचा प्रसार करण्यात फळे खाणाऱ्या वटवाघळांचा मोठा वाटा असतो. मोह वेचणाऱ्या कुटुंबांची मिळकत त्यांच्याही श्रमावर उभी आहे. त्यांची अर्धवट खाल्लेली फळे न खाणे, फळे आणि मोहफुले धुऊन वापरणे एवढी काळजी पुरे.

माकडांबाबतही तेच. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात सापडलेला ‘माकडताप’ २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. नाव माकडाचे असले तरी तो माणसाला होतो गोचिडीच्या चाव्याने. माकड त्याचे बळी असते. जंगलात माकडे मरू लागली, की ती माणसासाठी धोक्याची सूचना ठरते. माकडे मारून टाकली तर ही सूचनाच मिळणार नाही.

मग कमी काय पडते आहे?

प्राण्यांचा आजार पशुसंवर्धन विभाग पाहतो, वन्यप्राण्यांचा वन विभाग आणि माणसांचा आरोग्य विभाग. विषाणूला या तिन्ही कार्यालयांच्या हद्दी ठाऊक नसतात. हे तिन्ही एकत्र आणण्याच्या ‘वन हेल्थ’ संकल्पनेसाठी नागपुरात राष्ट्रीय संस्था उभारली जात आहे. तिची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्टही आहे.

पण मारेगावसारख्या तालुक्यात त्याची परीक्षा साध्या प्रश्नांवर होईल. ग्रामीण रुग्णालयात सीरमची बाटली आज शिल्लक आहे का? रानालगतच्या गावांतील कुत्र्यांचे लसीकरण झाले आहे का? कोल्हा चावल्याची बातमी वनरक्षकाकडून आशा सेविकेपर्यंत त्याच दिवशी पोहोचते का? हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात आणि ते विचारले गेले पाहिजेत. तोवर शेतात जाताना डब्यासोबत साबणाची एक वडी ठेवावी. रानातल्या सर्वात जीवघेण्या विषाणूविरुद्ध पहिल्या पंधरा मिनिटांत तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.