सांध्यावरची मुद्रा

खानदेशात अस्सलपणाच्या दोन कसोट्या आहेत. जळगावच्या सराफ बाजारात पेढीवरचा जाणता माणूस दागिन्याची कड काळ्या कसोटीवर अलगद ओढतो, उमटलेल्या रेघेशेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची दुसरी रेघ काढतो, दोहोंवर तेजाबाचा थेंब फिरवतो आणि कोणती रेघ किती तग धरते हे पाहून कस सांगतो. तो दागिना कोणाच्या आजीच्या गळ्यात होता, तो किती वेळा आटवून पुन्हा घडविला, याची चौकशी करण्याचे त्यास प्रयोजन पडत नाही. धुळ्याची कसोटी निराळी. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी ज्या शहरात देह ठेवला, तेथेच जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, आणि गावोगाव पायपीट करून दफ्तरे धुंडाळणाऱ्या त्या पुरुषाची शिस्त या शहराला वारशाने मिळाली : कागद समोर आला की तो कोणाच्या घरून आला, हस्ताक्षर कोणाचे, शिक्का कोठे, मिती त्या काळाशी जुळते की नाही, हे आधी पाहावयाचे. महजरासारख्या लांब दस्तऐवजात कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत आणि सांध्यावर पाठीमागून मुद्रा उमटवीत, ती अशी की अर्धी वरच्या बंदावर यावी व अर्धी खालच्या. मधला बंद काढून दुसरा घुसडण्याची मग कोणाची छाती होत नसे.

या दोहोंपैकी यंत्राला कोणती कसोटी लावावी, हा प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे एका मोटारीच्या निमित्ताने आला. ती मोटार बेंटली कंपनीची 'स्पीड सिक्स', शर्यतीच्या जगात 'ओल्ड नंबर वन' या नावाने विख्यात असलेली.

फ्रान्समधील ले मान्स येथे १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत भरते. तीत वेगाइतकीच परीक्षा दमाची असते, कारण चालक आळीपाळीने एकच गाडी रात्रंदिवस हाकीत राहतात आणि चोवीस तासांत जी सर्वांत लांब पल्ला तोडील ती जिंकते. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ साली काढलेल्या कंपनीने या शर्यतीवर आपली सारी प्रतिष्ठा लावली होती. साडेसहा लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन घेऊन 'स्पीड सिक्स' १९२९ च्या जूनमध्ये तेथे उतरली, तिच्या अंगावर एकचा आकडा रंगविलेला होता, आणि वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांनी ती सुमारे २,८४० किलोमीटर पळवून पहिली आणली; पाठोपाठचे तीन क्रमांकही बेंटलीनेच पटकावले. पुढच्या वर्षी बार्नाटो व ग्लेन किड्स्टन यांनी हीच गाडी सुमारे २,९३० किलोमीटर नेऊन पुन्हा अजिंक्य ठरविली, आणि तिचा पाठलाग करणारी कॅराचिओलाची मर्सिडीज मध्येच बंद पडली. हा बार्नाटो किंबर्लीच्या हिऱ्यांवर गबर झालेल्या बापाचा मुलगा; कंपनीला पैसा पुरविणारा तोच, अध्यक्ष तोच आणि ले मान्सच्या तीन शर्यतींत उतरून तिन्ही जिंकणाराही तोच. इतके असूनही मंदीच्या तडाख्यात १९३१ साली कंपनी दिवाळखोरीत गेली व रोल्स-रॉइसने ती विकत घेतली.

गाडी मात्र पळतच राहिली, आणि पळणाऱ्या यंत्राच्या अंगावर जुने काही टिकत नाही हा सृष्टिनियम तिलाही चुकला नाही. शर्यत झाली की झिजलेला भाग निघे व नवा बसे. १९३२ पर्यंत तिचा सांगाडा बदलला होता आणि साडेसहा लिटरांच्या जागी आठ लिटरांचे इंजिन आले होते. त्याच वर्षी इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती उतरत्या धावपट्टीच्या काठावरून पलीकडे गेली आणि तिचा चालक क्लाइव्ह डनफी प्राणास मुकला. अपघातानंतर तिची पुन्हा बांधणी झाली, शर्यतीच्या उघड्या गाडीवर रस्त्यावर हिंडण्याजोगे बंद छप्पर चढले, आणि पुढे मालक बदलत गेले तशी तिची अंगकांतीही बदलत गेली.

अशी ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि घेणाऱ्यांनी ऐन वेळी हात आखडता घेतला. त्यांची कैफियत सरळ होती : जिने ले मान्स जिंकले ती गाडी हीत आहेच कोठे? विक्रेत्याने करार पुरा करून मिळावा म्हणून दावा लावला, तज्ज्ञांनी एकेक खिळा तपासला, आणि न्यायमूर्ती ऑटन यांनी जो हिशेब मांडला तो जळगावच्या कसोटीवर पार उतरणारा खचित नव्हता. १९२९ च्या गाडीचा खात्रीने ओळखावा असा भाग उरला नव्हता. १९३० च्या गाडीचे पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच शिल्लक होते. सांगाडा व इंजिन १९३२ चे. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. शर्यतीची गाडी म्हणून ती जगली आणि जगता जगता बदलली. ती कधी नाहीशी झाली आणि पुढे कोणी नव्याने उभी केली असे घडले नाही. प्रत्येक बदलाचा माग लागत होता, आणि त्या नावावर रास्त हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली जगात नव्हती. थोडक्यात, बंद बदलले होते, पण सांध्यांवरच्या मुद्रा जागच्या जागी होत्या.

आपल्याकडच्या शेतकऱ्यास या निकालाचे नवल वाटू नये. आजोबांच्या बैलगाडीचे आरे बापाने बदललेले असतात, बापाने घातलेला कणा मुलाच्या हयातीत मोडतो, आणि चाकाला नवी धाव चढवावयाची तर लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करून, बाभळीच्या चाकावर ठोकून, वरून पाणी ओततो. वाफेच्या लोटात लोखंड आक्रसून लाकडाला आवळते, आणि त्या क्षणी ते नवे लोखंड आजोबांच्या गाडीचे होऊन जाते. रानातून घराकडे त्याच गाडीची वहिवाट अखंड चालू असते म्हणून ती आजोबांची.

उलट बाजूही पाहावी. बेंटली कंपनीनेच २०२२ साली 'स्पीड सिक्स'च्या बारा नव्या गाड्या जुन्या नकाशांबरहुकूम बांधण्याचे जाहीर केले. त्यांतली प्रत्येक गाडी १९३० च्या रूपाशी आजच्या 'ओल्ड नंबर वन'पेक्षा अधिक जुळेल, तथापि तिला कोणी 'ओल्ड नंबर वन' म्हणणार नाही. ती उत्तम नक्कल, आणि कंपनीही तिला जुनी म्हणून खपवीत नाही.

मात्र दफ्तराची कसोटी लावावयाची तर ती राजवाड्यांच्या कठोरपणानेच लावावी लागते, कारण कागदाच्या पुराव्यापुढे न टिकणाऱ्या बखरी मोटारींच्या जगातही आहेत. मार्च १९३० मध्ये बार्नाटोने 'ब्लू ट्रेन' या आगगाडीशी पैज मारून फ्रान्समधील कान शहराहून लंडन गाठले. त्या पराक्रमाची गाडी म्हणून गर्नी नटिंगने बांधलेली एक देखणी ठेंगणी 'स्पीड सिक्स' कूपे कित्येक वर्षे मिरवली गेली, तिची चित्रे निघाली, भिंतीभिंतींवर लागली. पुढे कोणीतरी कागद उलगडले, तेव्हा त्या कूपेची बांधणी मे महिन्यात पुरी झाल्याचे आढळले. पैज तर मार्चातली. प्रत्यक्षात धावली ती मुलिनरने बांधलेली साधी सलून. एका तारखेने बखर उताणी पाडली.

धातूचा कस आजही लागतो आणि उद्याही लागेल, त्यास साक्षीदार नकोत. यंत्राचा कस मात्र त्याच्या आयुष्याच्या नोंदीत असतो, आणि नोंद एकदा हरवली की कितीही जुने लोखंड ती परत आणू शकत नाही. खानदेशातल्या ज्या घराच्या पडवीत आजोबांची जीप, तेलाचे इंजिन किंवा मोटारसायकल उभी असेल, त्या घराने तिला रंग देण्यापूर्वी तिचे नोंदणीपुस्तक, जकातीची पावती, गॅरेजवाल्याची बिले आणि जुनी छायाचित्रे एका फडक्यात बांधून ठेवावीत, आणि यापुढे जो भाग बदलेल त्याची नोंद तारखेसह वहीत करावी. जुना भाग मोडीत गेला तरी चालेल. ती वही रद्दीत जाऊ देऊ नये.