पुण्याच्या छावणीतला मॉर्मन रोजनिशीकार

नवापूर तालुक्यातला चिंचपाड्याचा मिशन दवाखाना १९४२ पासूनचा. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यात ‘मिशनवाले’ कुणाला नवे नाहीत. पण त्याच्या ९० वर्षं आधी, नंदुरबार हा मुंबई इलाख्यातल्या जुन्या खानदेशाचा भाग होता तेव्हा, एका अगदी निराळ्या पंथाचा प्रचारक मुंबई बंदरात उतरला होता. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन. साल १८५२, महिना सप्टेंबर.

मॉर्मन पंथ तेव्हा जेमतेम २२ वर्षांचा होता. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात तो स्थापला, आणि त्याच दिवशी अनुयायांना आज्ञा झाली, की आपल्यात नोंद ठेवली जावी. ती त्यांनी भलतीच मनावर घेतली. १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात शिरून स्मिथ यांना ठार केलं. पुढे ब्रिगहॅम यंग अनुयायांना घेऊन पश्चिमेकडे निघाले, तेव्हाही वह्या गाडीतच होत्या. त्या तांड्यातल्या विल्यम क्लेटनची गंमत पाहा. रोजचा पल्ला अंदाजपंचे सांगितलेला त्याला पटेना. मे १८४७ मध्ये त्याने गाडीच्या चाकाला तांबडी चिंधी बांधली आणि दिवसभर फेरे मोजत बसला. ३६० फेऱ्यांना एक मैल! त्या दिवशीचे ४,०७० फेरे भरले, म्हणजे अकरा मैलांहून थोडं जास्त. विल्फर्ड वुडरफ या पुढाऱ्याने तर साठहून अधिक वर्षं रोजनिशी लिहिली.

फिंडले त्याच मुशीतला. पगार नाही, पाठीशी सरकार नाही. मुंबईहून तो पुण्याला गेला आणि छावणीतल्या गोऱ्या शिपायांत प्रचार करू लागला. लष्करी अधिकाऱ्यांना ते खपलं नाही. त्यांनी छावणीत उपदेशाला बंदी घातली. त्यात पंथाच्या नव्या ठाण्याहून, अमेरिकेतल्या युटाहून, बातमी आली, की पंथाने बहुपत्नीत्व ऑगस्ट १८५२ मध्ये जाहीरपणे मान्य केलं आहे. मग आधीपासून इथे असलेल्या इतर ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. ‘हिंदुस्थानच्या मराठ्यांस’ उद्देशून फिंडलेने एक पुस्तिकाही काढली, पण अनुयायी मूठभरच मिळाले, तेही बहुतेक युरोपीय. १८५५ मध्ये तो निघून गेला. कलकत्ता, मद्रास, कराची इथेही पंथाची तीच गत झाली.

फसलेल्या मोहिमेचा एवढा तपशील आज कळतो तो केवळ वह्यांमुळे. फिंडलेच्या रोजनिश्या १९७३ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. मात्र अशी वही वाचताना एक सावधगिरी हवी. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी याच पुण्यात, विश्रामबागवाड्यात, शाळा काढल्याबद्दल जोतीराव फुल्यांचा सरकारी सत्कार झाला. आज आपल्याला त्या काळाचं पुणं फुल्यांचं वाटतं. प्रचारकाच्या लेखी ते छावणीचं होतं. रोजनिशी लिहिणाऱ्याची नजर दाखवते, गाव दाखवेलच असं नाही. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांबद्दल इंग्रज अंमलदारांनी लिहिलेलं दप्तरही असंच वाचावं लागतं.

दुसरा धोका बनावट कागदांचा. १९८० च्या दशकात मार्क हॉफमन नावाच्या व्यापाऱ्याने पंथाच्या आरंभकाळाची खोटी पत्रं तयार करून चांगल्या किमतीला विकली. जाणकारही फसले. बिंग फुटू लागलं तेव्हा, १९८५ मध्ये, त्याने सॉल्ट लेक सिटीत बाँब ठेवून दोघांचा जीव घेतला. तो आजन्म तुरुंगात गेला.

स्मिथ यांचे खरे कागद मात्र २००८ ते २०२३ या काळात २७ खंडांत छापून झाले. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतात. याच पंथाने वंशावळीसाठी १९३८ पासून जगभरातल्या नोंदींची मायक्रोफिल्म करायला घेतली आणि त्या फिल्म डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत ठेवल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांनी टिपल्या आहेत. नाशिकच्या तीर्थोपाध्यायाकडे आजोबांची सही शोधणाऱ्या खानदेशी कुटुंबाला या खटाटोपाचं कारण वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.