उघडं दार, मिटलेली वही

समाजकार्याच्या मराठी पाठ्यपुस्तकांत 'सेवार्थी' असा एक शब्द असतो. ज्याला मदत हवी तो सेवार्थी. सरकारी कागदावर हाच माणूस 'लाभार्थी' होतो आणि वकिलाकडे गेला तर 'अशील'. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या तोंडी मात्र यातला एकही शब्द मी सहसा ऐकलेला नाही. तिथं कार्यकर्ती 'ताई' असते, कार्यकर्ता 'भाऊ' किंवा 'सर', आणि जिच्यासाठी काम करायचं ती 'मावशी' नाहीतर 'वहिनी'. नात्याचा शब्द आधी येतो, काम मागाहून. नात्याच्या भाषेत चालणाऱ्या अशा कामाला व्यावसायिक मर्यादा असतात का, आणि असल्या तर त्या कोण सांभाळतं, हे या लेखात पाहायचं आहे.

मी समाजकार्याचा पदवीधर नाही. निवाडे, कायदे, जुनी पुस्तकं असं जे हाती लागेल ते वाचत आणि काम करणाऱ्यांशी बोलत हा विषय समजून घेत आलो आहे. त्यामुळे इथली काही मतं अभ्यासक्रमाशी जुळणार नाहीत.

आपल्याकडे समाजकार्याचं रीतसर शिक्षण 1936 मध्ये मुंबईत नागपाड्याला सुरू झालं. सर दोराबजी टाटा यांच्या नावाची ती पदव्युत्तर शाळा, क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. पुढे तिचीच टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पण सेवा त्याआधी शतकानुशतकं चालूच होती, आणि ती व्रत म्हणून चालत होती. व्रताचा एक गुण असा, की त्यात घेणाऱ्याचं मत कुणी विचारत नाही. व्रतस्थ माणसाविरुद्ध तक्रार कुठं करायची, हा प्रश्नच आपल्याला सुचत नाही. धंदा किंवा पेशा म्हटला, की निदान तो प्रश्न विचारता येतो.

अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं आपली आचारसंहिता 1960 मध्ये स्वीकारली. त्याआधी तीन वर्षं, 1957 मध्ये, फेलिक्स बिस्टेक या जेझुइट धर्मगुरूंचं व्यक्तिसहयोग कार्यातल्या संबंधांवरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी सात तत्त्वं मांडली. गोपनीयता, स्वनिर्णयाचा हक्क ही त्यातली परिचित तत्त्वं. मला त्यातलं एक फार नेमकं वाटतं: भावनिक गुंतवणूक असावी, पण ती ताब्यात असावी. बिस्टेक गुंतू नका असं सांगत नाहीत. गुंतलेल्या मनाची जबाबदारी मदत करणाऱ्यावर टाकतात, मदत मागणाऱ्यावर नाही. टाटा संस्थेतल्या शिक्षकांच्या मंचानंही 1997 मध्ये भारतीय समाजकार्यकर्त्यांसाठी नीतिमूल्यांचं घोषणापत्र मांडलं. मात्र डॉक्टरची नोंदणी रद्द होऊ शकते, वकिलाची सनद जाऊ शकते, तसं समाजकार्यकर्त्याचं काहीच जात नाही. त्याची नोंद ठेवणारी आणि चुकल्यास ती खोडणारी वैधानिक परिषद देशात नाही. संहिता आहे ती त्याच्या मनावर सोडलेली.

मनावर सोडल्यावर काय होऊ शकतं, याचं देशभर गाजलेलं उदाहरण याच किनाऱ्याला चिकटलेलं आहे. 1995 च्या सुमारास डंकन ग्रँट नावाच्या ब्रिटिश माणसानं रस्त्यावरच्या मुलांसाठी 'अँकरेज शेल्टर्स' ही निवारागृहं सुरू केली. दोन मुंबईत, कुलाबा आणि कफ परेडला, तिसरं मुरूडला. त्याचा मित्र ऍलन वॉटर्स तिथं येत-जात असे आणि मदतही करत असे. दोघंही पूर्वी ब्रिटनच्या नौदलात होते. 2001 मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत पोचल्या. 2006 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं दोघांना सहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. 2008 मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं; मुलांच्या साक्षी त्याला पुरेशा विश्वासार्ह वाटल्या नाहीत. चाइल्डलाइन आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 18 मार्च 2011 रोजी त्या न्यायालयानं साक्षी ग्राह्य धरून सत्र न्यायालयाची शिक्षा कायम केली.

या प्रकरणाकडे विकृत माणसांची गोष्ट म्हणून पाहिलं, की ते संपतं. मला त्याची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते. अन्न, अंथरूण, कपडे, डोक्यावरचं छप्पर, सगळं एकाच माणसाच्या हातून येणारं. त्या माणसाला 'नको' म्हणायचं, तर मुलानं पुन्हा रस्त्यावर जायचं. म्हणजे मुलाच्या होकाराला आणि मौनाला काही अर्थच उरत नाही. देणगीदार पाहुणा मुलांमध्ये मिसळतो, त्याचं कौतुक होतं, आणि आत काय चालतं हे पाहायला बाहेरचं कुणी नाही. मदत करणाऱ्याचं वागणं झाकलेलं आणि मुलं येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडी. मर्यादा म्हणजे नेमकं याच्या उलट काहीतरी असायला हवं: माझं वागणं उघडं, तुझं बोलणं झाकलेलं.

त्या वेळी पॉक्सो कायदा नव्हता. तो 2012 चा. संस्थेचा चालक, कर्मचारी किंवा मुलाच्या विश्वासातली, अधिकाराच्या जागी असलेली व्यक्ती गुन्हेगार असेल, तर तो गुन्हा अधिक गंभीर, असं हा कायदा स्पष्ट म्हणतो. गुन्ह्याची माहिती असून न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. 2015 च्या बालन्याय कायद्यानं प्रत्येक बालगृहाची नोंदणी आणि तपासणी बंधनकारक केली. तपासणीचा दिवस आधी कळवून येणारे तपासनीस मात्र कुठल्याच कायद्याला थांबवता आलेले नाहीत.

हे झालं टोकाचं. रोजच्या कामातल्या मर्यादा इतक्या ठळक नसतात, आणि किनाऱ्यावर तर त्या फारच पुसट असतात. शहरातली समुपदेशक संध्याकाळी दार बंद करून घरी जाते. तिची सेवार्थी तिला बाजारात भेटण्याचा संभव कमी. मुरूड किंवा दिघीसारख्या ठिकाणी तीच बाई मासळीबाजारात, एसटीत, हळदीकुंकवाला भेटणार. पुस्तकं ज्याला 'दुहेरी नातं' म्हणतात आणि टाळायला सांगतात, ते इथं टाळायचं म्हटलं तर गाव सोडावं लागेल. तेव्हा अंतर राखणं हा मार्ग इथं जवळजवळ बंद आहे. उरते ती गोपनीयता, आणि तिची किंमत रायगडात इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे.

याचं कारण गावकी. कोळीवाड्यातली असो वा आगरी-कुणबी वस्तीतली, गावकीनं अडल्यानडल्याला माणसं सांभाळली, हे नाकारायचं कारण नाही. पण हीच गावकी एखाद्या घराला वाळीतही टाकते. दुकानात माल नाही, लग्नाला बोलावणं नाही, मयताला माणूस नाही. रायगडमधून अशा तक्रारी एकामागून एक पुढे आल्या, आणि राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा होण्यामागे हा जिल्हा एक मोठं कारण ठरला. कायदा विधिमंडळात 2016 मध्ये मंजूर झाला, 2017 पासून लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

आता समजा, नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन एक बाई ताईकडे आली. ताई त्याच गावची. तिचा दीर गावकीत बसणारा. रात्री जेवताना 'आज अमकी आली होती' एवढंच ताई बोलली. तपशील काहीच नाही. पण अमकी ताईकडे कशाला गेली असेल, हे तर्कानं ताडायला गावाला दहा मिनिटं पुरतात. गावचं भांडण गावाबाहेर नेलं, हा ठपका त्या घरावर बसतो. चार शब्द इथं एका कुटुंबाला वाळीत टाकू शकतात. मी ज्या अनुभवी कार्यकर्त्या पाहिल्या, त्यांनी यावर साधे उपाय काढलेले आहेत. वहीत नाव न लिहिता खूण लिहायची. स्वतःच्या भावकीतलं प्रकरण असेल तर ते शेजारच्या गावातल्या सहकारी बाईकडे सोपवायचं, आणि असं का करतोय हे आलेल्या बाईला तोंडावर सांगायचं. शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कार्यकर्तीचं नातं लपत नाही, मग ते आधीच बोलून टाकलेलं बरं.

पैशाचा प्रश्न त्याहून अवघड. पेण, रोहे, अलिबागच्या डोंगरकडेच्या कातकरी वाड्यांत पावसाळ्याच्या शेवटी, गणपतीच्या सुमारास, वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मालक 'बयाणा' देऊन जातो. भाताचं काम अजून आलेलं नसतं, हातात काही नसतं, सण तोंडावर असतो. ती उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर सगळं कुटुंब भट्टीवर जातं. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं संपली. हिशेब मात्र मालकाच्याच वहीत असतो. अशा वाडीत एखाद्या भाऊनं कळवळून स्वतःच्या खिशातून दोन हजार काढून दिले, तर माणूस म्हणून आपण त्याला नावं ठेवणार नाही. पण पुढच्या महिन्यात त्यानं बोलावलेल्या बैठकीला तो कातकरी का येईल? मुद्दा पटला म्हणून, की पैसे घेतले म्हणून? आणि 'मला हे पटत नाही' असं त्याला त्या बैठकीत म्हणता येईल का? ज्या सावकारीविरुद्ध भाऊ बोलतो, तिचीच एक मऊ आवृत्ती त्याच्या नकळत उभी राहते. म्हणून पैसा द्यायचाच असेल तर तो बचत गटाकडून, संस्थेच्या निधीतून, दहा जणांसमोर लिहून द्यावा. एकट्यानं, कानात सांगून देऊ नये. हे रुक्ष वाटतं, ठाऊक आहे.

भेटवस्तूंच्या बाबतीत मी इतका कडक नाही. जूनमध्ये कातकरीण शेवळांची जुडी घेऊन येते, कोळीण सुकटाची पुडी हातात कोंबते. 'आम्हाला घेता येत नाही' हे परदेशी संहितेतलं उत्तर इथं अपमान करतं. आजवर ज्यांना फक्त घेणारे समजलं गेलं, त्यांनाही द्यायचं असतं. कार्यालयात आणून सगळ्यांनी मिळून खाल्लं, की बहुतेक प्रश्न मिटतो. कोंबडी आली आणि त्याच आठवड्यात घरकुलाच्या यादीवर बोलायचं असेल, तर ती परत जायला हवी. फरक वस्तूच्या किमतीत नाही, तिच्या वेळेत आहे.

फोटोंबद्दल मात्र फार कुणी बोलत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौलं आणि पत्रे उडाले, आणि त्यात करोनाची टाळेबंदी. मदत आली, पुष्कळ आली. तिच्याबरोबर मोबाइलही आले. धान्याची पिशवी एका हातात, दुसरं टोक देणाऱ्याच्या हातात, दोघांची नजर कॅमेऱ्याकडे. कालपर्यंत पाहुण्यांना शहाळी पाजणारा बागायतदार असा रांगेत उभा राहून फोटोत आला, तो फोटो मुंबईतल्या नातेवाइकांपर्यंत पोचला. त्यानं परवानगी दिली होती का? पिशवी हातात येण्याआधी विचारलं, तर सगळेच हो म्हणतात. देणगीदाराला पावती हवी असते हे खरं; पण ती पावती घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर छापलेली असावी असं नाही. पिशव्यांच्या ढिगाचा फोटो आणि सह्यांची यादी पुरते.

एक मर्यादा आपल्याकडच्या चर्चेत क्वचित येते, ती म्हणजे काम संपवण्याची. प्रकल्प तीन वर्षांचा असतो, अनुदान 31 मार्चला संपतं, ताईची बदली होते किंवा नोकरीच जाते. वाडीला यातलं काही माहीत नसतं. तिच्या लेखी ताई ही ताई असते. पहिल्याच भेटीत 'मी अमुक काळ आहे, नंतर अमुक जण असतील' हे सांगितलेलं असलं, आणि शेवटच्या काही महिन्यांत ग्रामपंचायत, आशा कार्यकर्ती, तालुक्याचं विधी सेवा कार्यालय यांची प्रत्यक्ष गाठ घालून दिलेली असली, तर माणसं उघड्यावर पडत नाहीत. नाहीतर ज्या ताईनं 'केव्हाही फोन कर' म्हटलं होतं, तिचा नंबर लागत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती येईल तेव्हा वाड्या रिकाम्या व्हायला लागलेल्या असतील. कुटुंबं घाटावर जातील, काही कोळसा पाडायला पार कर्नाटकात. भट्टीवर हिशेबावरून वाद झाला, पोर आजारी पडलं, तर त्यांच्यातला कुणीतरी मोबाइलमध्ये 'ताई' असं लिहिलेला नंबर लावून बघेल.