शेतमजूर स्त्रीचे आरोग्य

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेने गिरणीतील स्त्री-कामगारांसाठी पगारी रजा व दुखापतीबद्दल भरपाई मागितली. कष्टकरी स्त्रीचे आरोग्य हा दयेचा नसून न्यायाचा प्रश्न होय, हाच त्या मागणीचा अर्थ. पुढे १९६१ साली प्रसूति-लाभाचा कायदा झाला व २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

नागपूरजवळील वाडी येथे कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीस हा हक्क आहे. परंतु शिवारात कापूस वेचणाऱ्या स्त्रीचा खाडा झाला की त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून ती दुखणे अंगावर काढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

ग्रामसेवकांनी गरोदर स्त्रीची नोंद आरोग्य उपकेंद्रात लवकर करवावी. लोहाची गोळी १८० दिवस रोज घ्यावी. ती चहाबरोबर न घेता लिंबू किंवा आवळ्यासह घ्यावी. घरात स्त्रीने सर्वांच्या शेवटी उरलेसुरले जेवण्याची रीत सोडावी. शेतकरी बंधूंनी तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये. कायदा बांधापर्यंत पोहोचला नसला, तरी न्याय तेथे आजच सुरू करता येतो.