नावात अडकलेला कुकुरदेव

छत्तीसगढमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणी बालोद जिल्ह्यात आहेत, आणि त्याच जिल्ह्यात, मालीघोरीजवळच्या खपरी गावात, कुकुरदेवाचं देऊळ आहे. छत्तीसगढीत कुकुर म्हणजे कुत्रा. या देवळाचं दर्शन घेतलं की कुकुर खांसी नावाच्या खोकल्याचं आणि कुत्रं चावण्याचं भय राहत नाही, अशी पंचक्रोशीतली श्रद्धा आहे. बाहेरून ऐकणारा एक तर हसतो, नाहीतर हात जोडतो. या दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी गैरसमज एकच आहे : खपरीत जे आहे ते सगळं मुळापासून कुत्र्याशी जोडलेलं आहे, असा. प्रत्यक्षात तिथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक दगडी देऊळ, एक फिरती लोककथा आणि दोन आजार. त्यांना बांधून ठेवणारी दोरी म्हणजे ‘कुकुर’ हा शब्द. दोरी सोडून पाहिली तर तिन्हींचा उगम निरनिराळा दिसतो.

आधी देऊळ. ते फणी नागवंशी राजांच्या काळातलं, चौदाव्या-पंधराव्या शतकातलं मानलं जातं. गाभाऱ्यात शिवलिंग आहे. कुत्र्याची मूर्ती त्याच्या शेजारी आहे, प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांनाही कुत्रे आहेत आणि शिखराकडे पाहिलं तर नाग दिसतात. म्हणजे ‘इथे शंकराऐवजी कुत्रा पूजतात’ ही बातम्यांमधली आवडती ओळ चुकीची आहे. शिवाच्या देवळात कुत्रा असणं तसं नवलाचं नाही. भैरवाचं वाहन कुत्राच, आणि आपल्या खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, हे जेजुरीला गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मग कथा. एका बंजाऱ्याने सावकाराचं कर्ज घेतलं आणि फेडता येईना म्हणून आपला कुत्रा गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली. कुत्र्याने चोरांनी लपवलेला माल दाखवून दिला. खूश झालेल्या सावकाराने कर्ज माफ केल्याची चिठ्ठी गळ्यात बांधून त्याला मालकाकडे पाठवलं. कुत्रा पळून आला असं समजून बंजाऱ्याने त्याला काठीने मारून टाकलं, आणि चिठ्ठी वाचली ती नंतर. त्याने बांधलेलं स्मारक म्हणजे हे ठिकाण. गोष्ट काळजाला भिडते यात शंका नाही. पण नेमकी हीच गोष्ट मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातल्या कुकर्रामठाबद्दलही सांगतात, आणि ते देऊळही शिवाचंच आहे. दोन्हीकडे तोच बंजारा, तोच सावकार, तीच चिठ्ठी. एकाच घटनेची दोन स्मारकं शंभर कोसांवर उभी राहत नाहीत. कथा मात्र बैलांच्या तांड्याबरोबर कुठेही जाऊ शकते. मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे याच मुलखातून फिरत, आणि तांड्याची राखण कुत्रीच करत. पंचतंत्रात कुत्र्याच्या जागी मुंगूस आहे, वेल्समध्ये गेलर्ट नावाचा शिकारी कुत्रा आहे. त्या दोन्ही कथांत बाळाला वाचवणारा प्राणी, त्याच्या तोंडाला लागलेलं रक्त, मालकाची घाई आणि मागाहून पश्चात्ताप. सांगाडा तोच.

मराठी वाचकाला याची पडताळणी घरातच करता येते. शिवरायांच्या चितेत उडी घेणारा रायगडावरचा ‘वाघ्या’ अनेकांना इतिहास वाटतो. त्याला समकालीन कागदाचा आधार नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने तो घरोघरी पोहोचवला आणि गडावरचा पुतळा १९३६ सालचा आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये तो हटवला गेला आणि काही दिवसांतच पुन्हा बसवला गेला. एका कथेसाठी माणसं इतकी हमरीतुमरीवर येतात, यावरून तिचं बळ कळतं, खरेपणा कळत नाही.

यावर कुणी म्हणेल की कुत्रा मुळात अशुभ, म्हणून त्याला देवळात आणणं हीच विकृती. तो रात्री रडला तर मरण, निघताना त्याने कान फडफडवले तर काम फिसकटणार, हे आपण ऐकत आलो आहोत. पण परंपरेची साक्ष एकतर्फी नाही. ऋग्वेदात यमाच्या वाटेवर दोन कुत्रे पहाऱ्याला आहेत, आणि त्याच ऋग्वेदात पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढणारी सरमा ही इंद्राची दूती आहे. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला मागे सोडून स्वर्गात जायला नकार देतो, आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. चीनकडे पाहिलं तर हा दुहेरीपणा आणखी स्पष्ट होतो. तिथल्या ‘थ्येनकौ’, म्हणजे आकाशातल्या कुत्र्याने, सूर्य-चंद्र गिळले की ग्रहण लागतं आणि भांडी-ढोल बडवून त्याला पळवायचं, हे सर्वश्रुत आहे. पण ‘शानहाय-चिंग’ या प्राचीन ग्रंथात थ्येनकौ पांढऱ्या डोक्याचा, रानमांजरासारखा, अरिष्ट टाळणारा प्राणी आहे. पुढे सिमा छ्येनच्या इतिहासग्रंथात तेच नाव गडगडत कोसळणाऱ्या उल्केला मिळतं. ग्रहण लावणारा राक्षस त्यानंतरचा. जपानने ती दोन अक्षरं जशीच्या तशी उचलली आणि त्यांचा ‘तेंगू’ झाला लांब नाकाचा, पंखांचा डोंगरी जीव, ज्यात कुत्रा शोधूनही सापडत नाही. नाव टिकतं, आत काय भरायचं ते प्रत्येक काळ ठरवतो.

खपरीत त्या नावात आजार भरले गेले. लहान मुलांच्या ज्या खोकल्याची उबळ भुंकण्यासारखी वाटते, त्याला हिंदी पट्ट्यात कुकुर खांसी म्हणतात. कुकुराचा खोकला, म्हणून कुकुराचा देव. मराठीत तोच आजार डांग्या खोकला, आणि डांग्या म्हणताना कुत्रं कुणाच्या मनातही येत नाही. चिनी भाषेत त्याचं नाव आहे ‘शंभर दिवसांचा खोकला’. या नावांपैकी अचूक चिनी नाव, कारण हा खोकला आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. बोर्दे आणि झांगू यांनी १९०६ साली त्याचा जीवाणू वेगळा केला. कुत्र्याकडून माणसाला होणारा हा आजार नाही, तो खोकणाऱ्या माणसाकडून दुसऱ्याला होतो. बहुतेक मुलं दोन-तीन महिन्यांत आपोआप बरी होतात, म्हणून मधल्या काळात केलेल्या नवसाला यश लाभतं. फार लहान बाळांच्या बाबतीत मात्र तो जिवावर बेततो. त्यासाठीच सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस असते, आणि पुढे बूस्टर.

चावण्याचा हिशेब याहून फसवा आहे. चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतात, आणि पिसाळलेलं कुत्रं चावलं तरी प्रत्येकाला रेबीज होतोच असं नाही. त्यामुळे देवळात नेलेल्यांपैकी बरेच जण ठणठणीत राहतात आणि गावोगाव साक्ष देतात. जो दगावतो तो दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा दगावतो, आणि तोवर त्या चाव्याशी त्याचा संबंध जोडायला कुणी उरत नाही. लक्षणं दिसल्यावर रेबीज जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक आहे. म्हणून जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-मिरची-चुना लावायचा नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती अजून लोकांना अडवते, पण ती लस केव्हाच बंद झाली. आता सुई दंडात टोचतात, सरकारी दवाखान्यांत साधारणपणे चार खेपांत, आणि जखम खोल असेल तर सोबत जखमेत सीरमही देतात.

‘दर्शनही घेऊ दे, लसही घेऊ दे, बिघडतं काय?’ हा आक्षेप रास्त आहे. क्रम लस आधी असा असेल तर काहीच बिघडत नाही. देवळावर बंदी घालणं हा तर मूर्खपणाच ठरेल. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये लिऑनजवळ गिनफोर नावाच्या कुत्र्याला गावकरी संत मानत. त्याने बाळाला सापापासून वाचवलं होतं आणि मालकाने त्याला चुकीने मारलं होतं. आया आजारी मुलं त्याच्या थडग्यापाशी आणत. एतियेन द बुर्बाँ या धर्मोपदेशकाने हाडं उकरून जाळली, भोवतीची झाडं तोडली आणि तिथे जाण्यावर बंदी घातली. तरीही आया एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथे मुलं घेऊन जातच राहिल्या. त्यांना कुत्र्याशी देणंघेणं नव्हतं. मूल आजारी होतं आणि आसपास दुसरं काही नव्हतं. खपरीच्या आईजवळ आज दुसरं काही आहे, शीतपेटीत ठेवलेलं, फुकट.