न उच्चारलेलें विधान

माझी भाची सध्यां महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करीत आहे. त्या परीक्षेच्या पूर्वभागांत २०१३ पासून तर्कबुद्धि पाहणारी एक दुसरी प्रश्नपत्रिका असते: दोन तास, ८० प्रश्न, २०० गुण. आतां तींत शेंकडा ३३ गुण मिळवून केवळ उत्तीर्ण व्हावयाचें असतें; पण चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जातात, तेव्हां अंदाजानें खूण करणें महागांत पडतें.

परवां सायंकाळीं ती पुस्तक घेऊन आली व म्हणाली, "मामा, ह्यांत माझें काय चुकलें?"

विधान असें होतें: 'ग्रामपंचायतीनें फलक लावला कीं, पाणी उकळून प्यावें.' खालीं दोन गृहीतकें होतीं. पहिलें, न उकळलेल्या पाण्यापासून अपाय होण्याचा संभव आहे. दुसरें, फलक वाचून गांवांतील सर्व लोक पाणी उकळूं लागतील. भाचीनें दोन्हीं खरीं धरलीं होतीं.

गृहीतक म्हणजे काय? बोलणाऱ्यानें जें उच्चारलेलें नाहीं, परंतु जें मानल्यावांचून त्याचें बोलणें उभेंच राहत नाहीं, असें विधान. तें ओळखण्याची सोपी रीत अशी कीं, तें उलटें करून पाहावें. अपायाचा मुळींच संभव नाहीं असें म्हटलें, तर फलक निरर्थक होतो. मात्र सर्व लोक पाणी उकळणार नाहींत असें म्हटलें, तरी फलकास बाध येत नाहीं. चार घरांनीं ऐकलें तरी पंचायतीचा हेतु साधला. दुसरें विधान ही पंचायतीची आशा असेल, गृहीतक नव्हे.

'सर्व' हा शब्द दिसला कीं पर्याय खोडावा, अशी एक युक्ति मुलांस शिकविली जाते. ती मला पसंत नाहीं. आपल्या नैयायिकांचें प्रसिद्ध अनुमान घ्या: पर्वतावर अग्नि आहे, कारण तेथें धूर आहे. ह्यांतील न उच्चारलेला दुवा 'जेथें जेथें धूर, तेथें तेथें अग्नि' हा होय, आणि त्यांत 'सर्व' आहेच. तो काढला तर अनुमान ढांसळतें. ह्या दुव्यास ते व्याप्ति म्हणत, आणि अनुमानाच्या पांच अवयवांपैकीं तिसऱ्यांत, म्हणजे उदाहरणांत, स्वयंपाकघराचा दाखला देऊन ती उघड बोलून दाखवीत. पुढें त्यांनीं असेंहि दाखविलें कीं, तीच व्याप्ति उलटी लागत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. धुरासाठीं ओलें सर्पण हवें. अशा दडलेल्या अटीस त्यांनीं उपाधि हें नांव दिलें.

ही उपाधि माझ्या नजरेंतून एकदां निसटली, तें भाचीला सांगितलें. २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणविला जाणारा आपला अहिल्यानगर जिल्हा साखर कारखान्यांचा. तसाच तो पाथर्डी-शेवगांवकडील ऊसतोड मजुरांचाहि. त्या बाजूच्या एका शाळेंत मी होतों. तिसरींतील एक मुलगा दिवाळीनंतर येईनासा झाला. मीं शेरा लिहिला: 'सतत गैरहजर, शिक्षणाची आवड नाहीं.' शेरा लिहितांना मला तो निर्विवाद वाटला. त्यांतील न बोललेलें विधान एवढेंच कीं, शाळेंत येणें न येणें मुलाच्या हातीं असतें. वस्तुतः त्याच्या आईबापांनीं मुकादमाकडून उचल घेतली होती. कोयता घेऊन तीं फडावर गेलीं आणि धाकट्या भावंडाला सांभाळावयास ह्याला बरोबर नेलें. हंगाम संपल्यावर तो परत आला, तेव्हां पुस्तकाचीं पानें चिपाडांच्या धुरानें पिवळीं झालीं होतीं. तरी पाढे त्याला येत होते. आवड नाहीं म्हणणारा माझा शेरा तेथेंच खोटा ठरला. पण तो वहींत तसाच राहिला. खोडण्याचें मला सुचलें नाहीं.

भाचीनें विधान आणि गृहीतक दोन्हीं टिपून घेतलीं. मग विचारलें, "मामा, पुढें त्या मुलाचें काय झालें?"

चौथीच्या वर्षीं दिवाळीला तो पुन्हां गेला. त्यानंतर शाळेंत आला नाहीं.